संत दामाजीपंत : भुकेल्यांसाठी कोठारे उघडणारा अधिकारी

श्रीकृपेने आणि सर्वांच्या सहकार्याने आपल्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम तडीस गेले आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील एका सत्पुरुषाचे अल्प चरित्र ग्रामस्थ बंधुभगिनी व देणगीदार सज्जनांपुढे ठेवीत आहे. या सत्पुरुषाची कीर्ती मंदिर बांधल्यामुळे झाली नाही. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडल्यामुळे झाली. ते म्हणजे मंगळवेढ्याचे संत दामाजीपंत.

मंगळवेढे हे पंढरपूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर वसलेले जुने गाव. तेथील काळी, खोल जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. तेथील मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हे सारे पीक परतीच्या पावसावर अवलंबून. हस्ताने साथ दिली तर जमिनीत ओल टिकते आणि थंडीवर दाणा भरतो. हस्त कोरडा गेला की पेरणीच होत नाही. म्हणून या भागात भरलेले कोठार आणि रिकामे घर यांत अंतर एका नक्षत्राचे असते.

पंधराव्या शतकात हा मुलूख बहामनी राज्यात होता. राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला गेलेली होती. सारा बहुतेक धान्यरूपाने गोळा होई व पेवांत आणि अंबारांत साठविला जाई. मंगळवेढ्याच्या या सरकारी धान्याचा कारभार दामाजीपंतांकडे होता. आजच्या भाषेत त्यांना मामलेदार म्हणावयास हरकत नाही. हिशेबाला चोख, वागण्याला सरळ आणि पंढरीच्या विठ्ठलाचे निस्सीम भक्त, अशी त्यांची ख्याती होती.

अशा वेळी दुष्काळ पडला. लोक याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. मात्र इतिहासग्रंथांत त्या नावाचा दीर्घ दुष्काळ १३९६ पासूनचा सांगितला आहे, आणि दामाजीपंतांच्या नावाने ओळखला जाणारा दुष्काळ १४६० च्या सुमाराचा आहे. पाऊस गेला, विहिरी आटल्या, वैरण संपली. माणसे गावे सोडून वाट फुटेल तिकडे चालू लागली.

पुढची कथा महिपतीबुवा ताहराबादकरांनी आपल्या भक्तविजय ग्रंथात १७६२ साली सांगून ठेवली आहे. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण दामाजीपंतांच्या दारी आला. पंतांनी त्याला पानावर बसविले. अन्न समोर येताच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. विचारता कळले, की घरी बायकापोरे उपाशी आहेत आणि त्यामुळे घास उतरत नाही. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठविण्याची व्यवस्था केली. ही वार्ता पसरली आणि भुकेल्यांची रीघ लागली. घरातले धान्य किती दिवस पुरणार? तेव्हा पंतांनी बादशहाच्या हुकमाची वाट न पाहता सरकारी कोठारे उघडली आणि लोकांना धान्य लुटविले.

कचेरीत काम करणाराला या निर्णयाचे वजन चटकन कळते. धान्य पंतांचे नव्हते. दुसऱ्याच्या मालावर उदार होणे सोपे, असे कोणी म्हणेल. पण दान धान्याचे नव्हतेच. अपहाराची शिक्षा काय होते, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. पंतांनी पणाला लावला तो स्वतःचा जीव. बेदर दोनशे किलोमीटरांहून दूर. अर्ज जाऊन हुकूम येईपर्यंत कित्येक दिवस जाणार, आणि भुकेला माणूस तेवढे दिवस थांबत नाही. हे मधले दिवस कोणाच्या तरी पदरी घ्यावेच लागतात. ते पंतांनी आपल्या पदरी घेतले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोठारे उघडणे हे एकट्या माणसाचे काम नाही. पेवाचे तोंड मोकळे करणारे, मापे घालणारे, पोती वाहणारे, गर्दीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुढे घेणारे, असे कितीतरी हात लागले असणार. त्यांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत. पंतांना वंदन करताना त्या अनाम सेवेकऱ्यांनाही वंदन करावे.

हाताखालच्या एका कारभाऱ्याने बेदरला कागद लिहून हा प्रकार कळविला. त्याला दुष्ट म्हणण्याची प्रथा आहे. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर त्याने आपले काम केले. बादशहाने क्रोधाने पंतांना पकडून आणण्यास स्वार धाडले. पंतांनी पंढरपूरला विठ्ठलाचे शेवटचे दर्शन मागून घेतले, आपली चिंता केली नाही आणि क्षमाही मागितली नाही.

भक्त सांगतात, की त्याच वेळी पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले. खांद्यावर घोंगडी, हाती काठी, कमरेला द्रव्याची थैली अशा वेषात तो बेदरच्या दरबारी हजर झाला. दामाजीपंतांचा चाकर म्हणून त्याने सगळ्या धान्याची किंमत मोजून दिली आणि भरणा झाल्याची रीतसर पावती मागून घेतली. ती पावती पंतांना त्यांच्या नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत सापडली. बेदरला पोहोचल्यावर शिक्षेऐवजी सन्मान झाला. आपल्यासाठी कोण येऊन गेला हे पंतांनी ओळखले आणि ज्या चाकरीपायी देवाला दरबारात उभे राहावे लागले ती चाकरी त्यांनी सोडली. उरलेले आयुष्य त्यांनी विठ्ठलचरणी घालविले.

देवाने हेच रूप का घ्यावे, याचा विचार करण्यासारखा आहे. मंगळवेढे हे संत चोखोबांचेही गाव. तेथेच गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून १३३८ साली चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वाराशी आहे. हयातीत त्यांना देवळात प्रवेश नव्हता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते मंदिर सर्वांना खुले झाले. म्हणजे ज्यांना देवळाबाहेर उभे केले, त्यांच्याच वेषात देव भक्ताचे कर्ज फेडण्यास गेला. भुकेल्याची जात पाहू नये, आणि मदतीला येणाऱ्याचीही पाहू नये, हा या कथेचा बोध आहे.

ही कथा लिहिणारे महिपतीबुवा स्वतः गावचे कुलकर्णी होते. जमाखर्च आणि पावती यांचे मोल त्यांना ठाऊक होते. चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु देवानेही पावती घेतल्याशिवाय दरबार सोडला नाही, ही गोष्ट सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. मन मोठे असावे आणि हिशेबही पुरा असावा.

दुष्काळ त्यानंतरही येत राहिले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याने भोगला. त्याच काळात, १८७७ साली, सोलापूरची जुनी गिरणी उभी राहिली आणि पुढे कोरडवाहू गावांतील किती तरी कुटुंबे शहराच्या आसऱ्याला आली. भवानी पेठेसारख्या वस्त्यांत अशा कुटुंबांची पुढची पिढी आजही नांदते. या मंदिरासाठी तिचाही हात पुढे आला आहे. १९७२ चा दुष्काळ तर वडीलधाऱ्यांना चांगला आठवतो. खडी फोडण्याची कामे, मुलाबाळांना वाटलेली सुकडी, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी हे सारे त्यांनी पाहिले. त्यातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. ज्या कृत्यासाठी दामाजीपंतांना कैद झाली, ते आज शासनाचे कर्तव्य ठरले आहे, ही केवढी प्रगती!

तरीही ते मधले दिवस आजही शिल्लक आहेत. टंचाई जाहीर होणे, पंचनामा होणे, मंजुरी येणे, यांना वेळ लागतोच. म्हातारीच्या घरात पीठ संपते ते मंजुरीची तारीख पाहून नव्हे. हे दिवस भरून काढण्याचे काम गावाने आणि गावच्या देवळाने करावयाचे असते. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात भक्तांच्या श्रमातून तलाव खोदविला, तीही अशीच सेवा होती. पाणी असो की धान्य, संकट येण्यापूर्वीच साठवून ठेवावे लागते.

म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. कळस झाला, सभामंडप झाला. आता मंडपाच्या एका कोपऱ्यात देवाची म्हणून एक धान्यकोठी असावी. सुगीत प्रत्येक शेतकऱ्याने यथाशक्ती पायलीभर ज्वारी तीत घालावी. शहरातील बांधवांनी त्या मोलाची देणगी द्यावी. तरुण मंडळींनी पाळीपाळीने धान्य ऊन दाखवून राखावे आणि अडल्या घरी, नाव न पुकारता, नेऊन पोहोचवावे. आलेल्या व गेलेल्या दाण्याची पावती ठेवावी, आणि दरवर्षी एकादशीला हिशेब सर्वांसमक्ष वाचून दाखवावा.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे मंदिर आहे. तालुक्यातील सहकारी साखर कारखान्यालाही त्यांचेच नाव आहे. पंढरीला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून त्यांचे दर्शन अवश्य घ्यावे. मात्र आपल्या गावी कोठी भरली आणि वेळेला उघडली, तर पंत येथेही भेटतील.

जय हरी विठ्ठल!

— तहसील कचेरीतील एक लिपिक,
भवानी पेठ, सोलापूर