लंडन पाहून सासवण्यात परतलेला शिल्पकार

विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली अलिबागजवळच्या सासवण्यात जन्मले. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराज रेखाटले. ते पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे.त धाडलं. १९२० साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत गेले, युरोपातली शिल्पं जवळून पाहिली, पण तिकडे रमले नाहीत. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तेवढ्याच मायेनं त्यांनी गावची माणसं नि म्हशीही घडवल्या. १९६७ साली ते गेले. सासवण्याचं घर आता संग्रहालय आहे. आंग मो किओकरांनो, सुट्टीत गेटवेहून मांडव्याची बोट धरा. बाहेर शिकलेलं घरी कसं रुजवावं, ते त्या अंगणात दिसतं.