तानाका शोझो

तानाका शोझो (१५ डिसेंबर १८४१ – ४ सप्टेंबर १९१३) हे मेइजी काळातील एक जपानी राजकारणी आणि शेतकऱ्यांचे पुढारी होते. आशिओ येथील तांब्याच्या खाणीमुळे वातारासे नदीच्या खोऱ्यात झालेल्या प्रदूषणाविरुद्ध त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ लढा दिला. या लढ्यासाठी त्यांनी संसदेचे सदस्यत्व सोडले, थेट सम्राटांच्या रथापुढे अर्ज घेऊन धाव घेतली आणि अखेरची वर्षे सरकारने बुडवायला काढलेल्या एका खेड्यात घालवली. जपानमधील पर्यावरण चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

नाव

जपानी प्रथेनुसार आडनाव आधी येते. म्हणून तानाका हे आडनाव व शोझो हे व्यक्तिनाव आहे. 'भातशेत' आणि 'मध्य' या अर्थांच्या दोन चित्राक्षरांनी तानाका हा शब्द लिहितात. शेत, डोंगर, नदी, झाडे यांवरून पडलेली आडनावे जपानमध्ये विपुल आहेत आणि तानाका हे त्यांतील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. पंतप्रधान तानाका गिइची व तानाका काकुएई, तसेच २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे तानाका कोइची यांचे आडनाव हेच. अनेक स्थळे आणि व्यापारी संस्थाही या नावाने ओळखल्या जातात. मात्र या आडनावाचा शब्दशः अर्थ ज्याच्या आयुष्याला इतका चपखल लागू पडावा, असे उदाहरण शोझो यांच्याइतके दुसरे सहसा सापडत नाही. त्यांचे मूळ नाव केन्झाबुरो असे होते. शोझो हे नाव त्यांनी नंतर घेतले.

प्रारंभिक जीवन

तानाका यांचा जन्म शिमोत्सुके प्रांतातील कोनाका या खेड्यात झाला. हे खेडे आज तोचिगी प्रांताच्या सानो शहरात मोडते. त्यांचे घराणे गावच्या मुखियाचे होते. हे पद महाराष्ट्रातील पाटीलकीशी काहीसे मिळतेजुळते होते, पण या भागात मुखियाच्या निवडीत गावकऱ्यांच्या संमतीला महत्त्व होते. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनंतर हे पद तानाका यांच्याकडे आले.

गाव ज्या रोक्काकू या सरदार घराण्याच्या अंमलाखाली होते, त्याच्या कारभाऱ्यांनी मुखियाच्या निवडीत ढवळाढवळ सुरू केली आणि गावांवर नवे भार लादले. तानाका यांनी इतर मुखियांना बरोबर घेऊन त्याला विरोध केला. परिणामी १८६८ मध्ये, म्हणजे शोगुनांची सत्ता कोसळून मेइजी राजवट उदयाला येत असताना, त्यांना दहा महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवण्यात आले. कोठडी इतकी लहान होती की त्यात धड उभेही राहता येत नसे. अन्नात विष घातले जाईल या भीतीने त्यांनी बरेच दिवस सुक्या माशाच्या तुकड्यांवर काढले, असे त्यांच्या आत्मकथनात नमूद आहे.

सुटकेनंतर त्यांना गाव सोडावे लागले. १८७० मध्ये त्यांना उत्तर जपानमधील एसाशी प्रशासनात कनिष्ठ अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. तेथील दुष्काळग्रस्त प्रदेशाची पाहणी करून त्यांनी मदतीसाठी प्रयत्न केले. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या वरिष्ठाचा खून झाला आणि संशय तानाका यांच्यावर आला. चौकशीत त्यांचा छळ झाला. सुमारे तीन वर्षे तुरुंगात काढल्यावर १८७४ मध्ये ते निर्दोष ठरून सुटले. सॅम्युएल स्माइल्स यांच्या स्वावलंबनावरील ग्रंथाचा जपानी अनुवाद त्यांनी याच तुरुंगवासात वाचला.

गावी परतल्यावर त्यांनी जमिनीच्या व्यवहारात बराच पैसा मिळवला आणि त्यानंतर आपले आयुष्य सार्वजनिक कार्याला वाहून घ्यायचे ठरवले. १८७९ मध्ये त्यांनी तोचिगी शिंबून या वृत्तपत्राच्या कामात भाग घेतला व १८८० मध्ये ते तोचिगी प्रांतिक सभेवर निवडून आले. वेठबिगारीने रस्ते बांधून घेणारे राज्यपाल मिशिमा मिचित्सुने यांच्याशी त्यांचा उघड संघर्ष झाला आणि त्यातून १८८४ मध्ये त्यांना पुन्हा कारावास घडला. १८८६ मध्ये ते प्रांतिक सभेचे अध्यक्ष झाले. ११ फेब्रुवारी १८८९ रोजी मेइजी राज्यघटना जाहीर झाली, त्या समारंभास ते याच नात्याने उपस्थित होते. ही घटना त्यांनी अतिशय गांभीर्याने घेतली. पुढील सर्व लढ्यात त्यांचा युक्तिवाद प्रायः एकच राहिला: मालमत्तेचे आणि प्रजेचे रक्षण करण्याचे जे वचन घटनेत आहे, ते सरकारने पाळावे.

आशिओची खाण

आशिओ हे निक्को या तीर्थक्षेत्राजवळच्या डोंगरात वसलेले आहे. तेथे सतराव्या शतकाच्या आरंभापासून तांबे काढले जात असे, पण एकोणिसाव्या शतकात खाण जवळजवळ निकामी झाली होती. १८७७ मध्ये ती फुरुकावा इचिबेई या उद्योजकाने विकत घेतली. १८८०च्या दशकात मोठ्या शिरा सापडल्या, परदेशी यंत्रे व जलविद्युत आली आणि आशिओ ही जपानमधील सर्वांत मोठी तांब्याची खाण बनली. तांबे ही त्या काळी देशाची प्रमुख निर्यात होती; युद्धनौका, शस्त्रे व यंत्रे विकत घेण्यासाठी लागणारे परकीय चलन त्यातून मिळत असे. सरकारची या प्रश्नातील उदासीनता समजून घेताना ही बाब विसरता येत नाही.

भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडासाठी डोंगर बोडके करण्यात आले आणि उरलेली झाडे भट्ट्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त धुराने मेली. उघडे पडलेले डोंगर पावसाचे पाणी धरेनासे झाले, त्यामुळे वातारासे नदीला वारंवार पूर येऊ लागले. खाणीचा विषारी गाळही याच नदीत जात होता. पूर्वी पुराबरोबर येणारा गाळ खोऱ्यातील शेतकऱ्यांना खतासारखा उपयोगी पडे; आता तोच गाळ पिके जाळू लागला. १८८०च्या दशकाच्या मध्यास नदीतील मासे मोठ्या प्रमाणावर मेले. १८९० च्या पुरानंतर तोचिगी व गुन्मा या प्रांतांतील भातशेती उद्ध्वस्त झाली. तोक्यो येथील कृषी रसायनतज्ज्ञ कोझाई योशिनाओ यांनी मातीचे परीक्षण करून या हानीचे मूळ तांब्यात असल्याचे दाखवून दिले.

संसदेतील लढा

१८९० मध्ये जपानमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तानाका कनिष्ठ सभागृहात निवडून आले आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत विजयी होत १९०१ पर्यंत सदस्य राहिले. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी आशिओविषयी पहिला प्रश्न विचारला. खाणीचा परवाना रद्द करण्याचा कायदेशीर अधिकार असूनही सरकार तो का वापरत नाही, असा त्याचा आशय होता. कृषी व व्यापार मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा मुलगा फुरुकावा यांनी दत्तक घेतलेला होता. सभागृह विसर्जित झाल्यानंतर उत्तर आले ते असे की हानी झाली आहे हे खरे, पण तिचे कारण निश्चित झालेले नाही.

दरम्यान खाणमालकांच्या बाजूने गावोगाव तडजोडीचे करार करून घेण्यात आले. थोडी रक्कम घेऊन पुढे तक्रार न करण्याचे शेतकऱ्यांनी मान्य करायचे, असे त्यांचे स्वरूप होते. १८९६ च्या महापुराने हे करार निरर्थक ठरवले. त्या वर्षी उन्र्यूजी या बौद्ध मंदिरात चळवळीचे कार्यालय उघडण्यात आले आणि १८९७ पासून हजारो शेतकरी पायी तोक्योकडे निघू लागले. या मोर्चांना जपानी भाषेत 'ओशिदाशी' म्हणत. मार्च १८९७ मध्ये कृषी मंत्री एनोमोतो ताकेआकी यांनी स्वतः प्रदेशाची पाहणी केली आणि त्यानंतर काही दिवसांतच पदाचा राजीनामा दिला. मे महिन्यात सरकारने खाणीला ३७ कलमांचा प्रदूषण प्रतिबंधक आदेश दिला. गाळ साठवण्याचे हौद बांधले गेले, परंतु धुरातील गंधक काढण्याची योजना फारशी यशस्वी झाली नाही.

बाधित जमिनींना सरकारने करमाफी दिली. त्या काळी मताधिकार भरलेल्या करावर अवलंबून असल्याने या सवलतीचा विचित्र परिणाम झाला: अनेक शेतकऱ्यांनी शेताबरोबर मतही गमावले.

सप्टेंबर १८९८ मधील मोर्चाच्या वेळी तानाका यांच्या मित्रपक्षांचे सरकार सत्तेवर होते. त्यांनी तोक्योच्या वेशीवर मोर्चा अडवला, शेतकऱ्यांच्या वतीने आपण सरकारशी बोलू असे आश्वासन दिले आणि निवडक प्रतिनिधी ठेवून बाकीच्यांना परत पाठवले. ते सरकार काही आठवड्यांतच पडले. दिलेला शब्द पाळता आला नाही याची बोच त्यांना पुढे दीर्घकाळ राहिली. १८९९ मध्ये संसद सदस्यांचे वार्षिक मानधन ८०० येनवरून २,००० येन करण्यात आले. तानाका यांनी त्याला विरोध केला आणि वाढच नव्हे, तर संपूर्ण मानधनच नाकारले.

१३ फेब्रुवारी १९०० रोजी पुढच्या मोर्चाला कावामाता येथे पोलिसांनी अडवून मारहाण केली. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली व ५१ जणांवर खटला भरण्यात आला. चारच दिवसांनी तानाका यांनी सभागृहात आपला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न मांडला. प्रजेचा नाश करणे म्हणजे राष्ट्राचा नाश करणे होय आणि हे न उमगणे हाच राष्ट्राचा विनाश, असे त्याचे सूत्र होते. पंतप्रधान यामागाता आरितोमो यांच्या सरकारने प्रश्नाचा अर्थच कळत नाही, म्हणून उत्तर देणार नाही, असे कळवले. कावामाताचा खटला १९०२ च्या अखेरीस तांत्रिक कारणाने निकालात निघाला. या खटल्याच्या सुनावणीत सरकारी वकील बोलत असताना तानाका यांनी जांभई दिली होती. न्यायालयाचा अवमान ठरवून त्याबद्दल त्यांना ४० दिवसांची शिक्षा झाली. ती भोगत असताना त्यांनी बायबलचा नवा करार वाचला आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

सम्राटांकडे अर्ज

२३ ऑक्टोबर १९०१ रोजी तानाका यांनी संसदेचा राजीनामा दिला. १० डिसेंबर रोजी सम्राट मेइजी संसदेच्या उद्घाटनाहून परतत असताना हिबिया येथे गर्दीतून एक वृद्ध गृहस्थ हातात अर्ज उंचावत रथाकडे धावले. ते तानाका होते. रक्षकाचा घोडा अडखळून पडला, तानाकाही पडले आणि पोलिसांनी त्यांना पकडले. या कृत्याबद्दल जबर शिक्षा होईल असे गृहीत धरून, पत्नी कात्सु हिला झळ पोचू नये म्हणून त्यांनी आधीच तिच्याशी संबंध तोडल्याचे पत्र पाठवले होते. अर्जाचा मसुदा पत्रकार कोतोकु शूसुई यांनी लिहिला होता व तानाका यांनी त्यात स्वतः दुरुस्त्या केल्या होत्या.

सरकारने त्यांना वेडसर ठरवून दुसऱ्याच दिवशी सोडून दिले. खटला चालवला असता तर आशिओचा प्रश्न न्यायालयात उघडपणे चर्चिला गेला असता. वेडेपणाचा निर्वाळा सरकारच्या अधिक सोयीचा होता. तरीही वृत्तपत्रांनी हे प्रकरण देशभर पोचवले. तोक्योतील विद्यार्थ्यांचे मोठे गट बाधित गावे पाहण्यास गेले. मोरिओका येथे शाळेत शिकणाऱ्या आणि पुढे कवी म्हणून नावाजलेल्या इशिकावा ताकुबोकूने पीडितांसाठी निधी जमवला.

यानाका

सरकारने नव्या चौकशी समितीद्वारे जो उपाय पुढे आणला, त्यात खाण बंद होणार नव्हती. वातारासेच्या खालच्या भागात पुराचे पाणी साठवणारा विस्तीर्ण तलाव करायचा आणि त्यासाठी यानाका हे खेडे रिकामे करायचे, असे ठरले. सुमारे ४५० घरे आणि २,७०० लोकवस्तीचे हे गाव पूर्वी सुपीक म्हणून ओळखले जाई. अशा रीतीने प्रदूषणाच्या प्रश्नाचे रूपांतर पूरनियंत्रणाच्या प्रश्नात झाले. पाण्याची कोंडी नदीच्या खालच्या अंगाला होते. ती मोकळी करण्याऐवजी गाव बुडवले जात आहे, असे तानाका यांचे मत होते.

जुलै १९०४ मध्ये तानाका यानाकात राहायला गेले. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रांतिक सभेने जमीनखरेदीचा ठराव संमत केला. रशियाशी युद्ध चालू असल्याने देशाचे लक्ष अन्यत्र होते. फुटलेला बांध दुरुस्त करण्यास प्रशासनाने नकार दिला आणि गावकऱ्यांनी स्वतः बांधलेला बांध पाडून टाकला. एकेक कुटुंब भरपाई घेऊन निघून गेले. १९०६ मध्ये गावाचे स्वतंत्र अस्तित्व संपवून ते शेजारच्या फुजिओका नगरात विलीन करण्यात आले. १९०७ च्या जून-जुलैमध्ये उरलेली सोळा घरे सक्तीने पाडण्यात आली. ती कुटुंबे पाडलेल्या घरांच्या जागी झोपड्या उभारून तिथेच राहिली. गाव सोडलेल्यांपैकी काही कुटुंबे दूर उत्तरेस होक्काइदो बेटावर गेली आणि सारोमा येथील आपल्या वस्तीला त्यांनी तोचिगी हेच नाव दिले.

तानाका सुरुवातीला या शेतकऱ्यांना शिकवण्याच्या भूमिकेतून यानाकात आले होते. मात्र छप्पर उडालेल्या घरात, पावसात भिजत, कोणाबद्दलही द्वेष न बाळगता राहणाऱ्या या लोकांकडून आपणच शिकायला हवे, असे त्यांना वाटू लागल्याचे त्यांच्या या काळातील दैनंदिनीवरून दिसते. शेवटची काही वर्षे ते वातारासे, तोने आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठाने पायी हिंडून पुराच्या पातळ्यांची व पात्रांची माहिती गोळा करत होते.

मृत्यू

ऑगस्ट १९१३ मध्ये अशाच एका प्रवासात ते एका शेतकऱ्याच्या घरी आजारी पडले. पोटाच्या कर्करोगाने ४ सप्टेंबर रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले. पत्नी कात्सु आणि पत्रकार मित्र किनोशिता नाओए त्यांच्याजवळ होते. घर व जमीन त्यांनी यापूर्वीच गावाच्या उपयोगासाठी देऊन टाकली होती. मागे उरली ती एक पिशवी: त्यात नवा करार, राज्यघटनेची प्रत, दैनंदिनीच्या वह्या, अपुरे हस्तलिखित, टिपकागद, थोडे नदीतले शेवाळ आणि तीन लहान दगड होते. सानो येथील अंत्यविधीला हजारो लोक आले. त्यांच्या अस्थींवर वेगवेगळ्या गावांनी हक्क सांगितल्याने त्या विभागून देण्यात आल्या. आज सहा ठिकाणी त्यांच्या समाध्या आहेत.

नंतरचा काळ

यानाकाच्या शेवटच्या कुटुंबांनी १९१७ मध्ये गाव सोडले. जमिनीच्या अपुऱ्या मोबदल्याबद्दल त्यांनी लावलेल्या दाव्याचा निकाल १९१९ मध्ये लागला आणि रकमेत किरकोळ वाढ मिळाली. आशिओची खाण फेब्रुवारी १९७३ मध्ये बंद झाली. १९७४ मध्ये गुन्मा प्रांतातील ओता येथील शेतकऱ्यांशी झालेल्या समझोत्यात फुरुकावा कंपनीने १५५ कोटी येन भरपाई देण्याचे मान्य केले. मार्च २०११ च्या भूकंपात आशिओजवळचा जुन्या खाणगाळाचा एक ढीग कोसळून गाळ पुन्हा वातारासेत गेला. यानाकाच्या जागी झालेला सुमारे ३३ चौरस किलोमीटरचा पूरतलाव २०१२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट झाला. गवताळ भागात गावच्या मंदिराचे आणि दफनभूमीचे अवशेष जपून ठेवले आहेत. सम्राट मेइजींच्या हाती न पोचलेला अर्ज त्यांचे पणतू सम्राट अकिहितो यांनी मे २०१४ मध्ये सानो येथील संग्रहालयात पाहिला.