वतन तोडणारा राजा

जोतिबाच्या डोंगरावरून खाली पाहिले की पन्हाळा तालुक्यातली लहान लहान शेते दिसतात. विषमुक्त शेती, घरचे बियाणे हे विषय घेऊन आम्ही तरुणांशी बोलतो, तेव्हा बौद्धवाड्यातून पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा. तो प्रश्न याच मातीत राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतला होता. १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा आपल्या तोंडपाठ आहे, १९१८ चा वतनाचा हुकूम मात्र फारसा कुणी सांगत नाही.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले, शाहू झाले. १८९४ मध्ये कारभार हाती आला आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले, पन्हाळ्याकडे चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही केले.

पण पाणी आले तरी ज्याच्या नावावर रान नाही, त्याने काय पिकवायचे?

महार वतन म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची गुलामी. रात्री-अपरात्री हाक आली की अख्ख्या घराने सरकारची आणि गावाची कामे करायची. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. ताटातली भाकरी गावाच्या मर्जीवर. शाहूंनी १९१८ मध्ये हे वतन मोडले आणि त्या जमिनी रयतावा करून महारांच्या नावे लावल्या. सारा भरायचा, पीक आपले. आज ज्याला अन्न स्वराज्य म्हणतात, त्याची सुरुवात आम्हाला इथे दिसते.

तुकडे लहानच होते, हेही खरे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून भागणार नाही, भांडवल हवे आणि शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी हलका करावा, असे त्यांचे म्हणणे. १९२० मध्ये माणगाव परिषदेत दोघे एका मंचावर आले. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९५८ उजाडले. म्हणजे कोल्हापूर ४० वर्षे पुढे होते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय ४८ सुद्धा नव्हते. धरण अपुरेच राहिले, ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले.

मित्रांनो, आपल्या गावातली वतनाची जमीन आज कुणाच्या नावे आहे, कोण कसते, सातबाऱ्यावर आई-बहिणींची नावे आहेत का, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. बियाण्याचे त्यानंतर बोलू.