सवडीची वाट न पाहणारे सेवाव्रती : महर्षी धोंडो केशव कर्वे

सार्वजनिक कार्य करावे असे वाटणारी माणसे समाजात थोडी नाहीत. तथापि प्रत्यक्ष काम अंगावर घेण्याची वेळ आली म्हणजे सवड नाही, द्रव्यबळ नाही, चारचौघांत बोलता येत नाही, घरच्यांचे मन नाही, लोक नावे ठेवतील, अशा अडचणी पुढे उभ्या राहतात. त्या खोट्या असतात असे नव्हे. परंतु या सर्वच अडचणी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्या महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव कोकणातील मुरूड. घरची स्थिती बेताची. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेले. पण अंगकाठी लहान दिसल्यामुळे त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. पुढील वर्षी त्यांनी ती कोल्हापुरास दिली. शिकवण्या करीत १८८४ साली ते बी. ए. झाले, आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. गावचे स्वतःचे घरही परके झाले. अण्णांनी कोणाशी वाद मांडला नाही. त्याच वर्षी विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी त्यांनी मंडळी स्थापन केली आणि १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला.

पुण्यात प्लेग शिरल्यावर १९०० साली आश्रम हिंगण्यास एका झोपडीत गेला. भोवती रान, रस्ता चिखलाचा. दिवसा कॉलेजात शिकवून, आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन अण्णा पायी हिंगण्यास जात. नोकरी सोडणे त्यांस शक्य नव्हते. म्हणून जो वेळ उरे तो त्यांनी दिला. कॉलेजच्या सुट्ट्या वर्गणी मागण्यात जात. ते स्वभावाने भिडस्त, वक्तृत्व बेताचे. पण हिशेब चोख आणि चिकाटी दांडगी. तेवढ्यावर लोकांचा विश्वास बसला.

या सेवेचे मोल घरानेही दिले, हे विसरता कामा नये. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा अण्णांनी आश्रमास दिली, तेव्हा मुलाबाळांच्या काळजीने गोदूबाईंस राग आला. तो अनाठायी नव्हता. तरीही पुढे त्या स्वतः आश्रमासाठी वर्गणी मिळवू लागल्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्यानंतर उशिरा अक्षरे गिरविली, आणि त्याच पुढे आश्रमाच्या निधीसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. शिक्षण कमी, वय अधिक, ही सबब त्यांनी पुढे केली नाही.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी जाहीर झाली. पण तिच्या मागे वीस वर्षांहून अधिक काळ आणा-रुपयांनी जमविलेली वर्गणी होती. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर १९३६ साली अण्णांनी खेड्यांतील शिक्षणासाठी मंडळ काढले. १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे आयुष्य भोगून, ते कालवश झाले.

अण्णांच्या अडचणी सरल्या आणि मग कार्य सुरू झाले, असे कधीच घडले नाही. जवळ जेवढा वेळ, जेवढा पैसा, जेवढी वाणी होती, तेवढ्याच मापाचे काम त्यांनी आरंभिले. काम वाढले तसे साहाय्यही वाढले. संस्थेच्या कामास आठवड्यातून दोन तास देणाऱ्यानेही हेच करावयाचे आहे. ज्यास बोलता येत नाही त्याने हिशेब लिहावा, ज्यास द्रव्य देता येत नाही त्याने पायपीट करावी, आणि घरच्यांस वगळून न जाता त्यांस बरोबर घ्यावे. वाचक बंधुभगिनींनी हे चरित्र आपल्या मुलांस अवश्य सांगावे, आणि सांगताना स्वतःची सवडही एकवार मोजून पाहावी.