संत इग्नेशियस लोयोला : रोजच्या पावलांनी घडलेले संतपण

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. तोफगोळ्याने जखमी झालेला एक सैनिक बिछान्यावर पडून संतचरित्रे वाचतो आणि त्याचे जीवन पालटते, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र ही कथा आपण बहुधा त्या बिछान्यापाशीच संपवतो. मन पालटल्यानंतर पुढे काय झाले, पालटलेले मन दैनंदिन जीवनात उतरवण्यासाठी या महापुरुषाला किती वर्षे झगडावे लागले आणि अखेर कोणत्या मार्गाने ते साधले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक सर्वसामान्य भाविकाला सर्वाधिक उपयोगी पडेल असा भाग तेथूनच सुरू होतो.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, लोयोला येथील एका सरदार घराण्यात झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव इनिगो असे ठेवण्यात आले. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. किशोरवयात त्यांना राजदरबारातील खजिनदाराच्या घरी आरेव्हालो येथे पाठवण्यात आले. तेथे त्यांनी दरबारी रीतिरिवाज, शस्त्रविद्या आणि उत्तम हस्ताक्षर आत्मसात केले. उंची पोशाख, तलवारबाजी आणि वीरपुरुषांच्या अद्भुत कथा यांची त्यांना विलक्षण ओढ होती. आपले नाव सर्वत्र गाजावे, हीच त्यांची तरुणपणीची महत्त्वाकांक्षा होती. पुढे ते नाव्हारच्या राजप्रतिनिधीच्या पदरी रुजू झाले.

१५२१ साली फ्रेंच सैन्याने पाम्प्लोना शहरावर चाल केली. शत्रूची संख्या पाहता किल्ला शरण देणेच शहाणपणाचे ठरेल, असे इतरांचे मत होते. परंतु इनिगोंच्या आग्रहामुळे लढा सुरू राहिला. २० मे रोजी तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला व डाव्या पायालाही जखम झाली. फ्रेंचांनी त्यांच्यावर उपचार केले आणि सन्मानाने त्यांना लोयोलाच्या वाड्यावर पोहोचवले. तेथे पाय पुन्हा मोडून बसवावा लागला. जूनच्या अखेरीस तर ते मरणाच्या दारात जाऊन परत आले. हाड जुळल्यावर गुडघ्याखाली एक उंचवटा राहिला. त्यामुळे घट्ट बूट घालता येणार नाहीत, केवळ एवढ्यासाठी त्यांनी ते हाड करवतीने कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा निग्रह आणि त्यांचा देहाभिमान या दोहोंची कल्पना येते.

वेळ घालवण्यासाठी त्यांनी वीरकथांची पुस्तके मागितली. वाड्यात तशी पुस्तके नव्हती. प्रभू येशूचे चरित्र आणि संतांची चरित्रे एवढेच त्यांच्या हाती आले. वाचता वाचता त्यांचे मन दोन दिशांना धावू लागले. कधी एका थोर स्त्रीची सेवा करून कीर्ती मिळवण्याचे मनोराज्य ते तासन्‌तास करीत. तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपण का करू नये, असा विचार त्यांच्या मनात येई. हळूहळू एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. दोन्ही विचार चालू असताना सुखद वाटत. परंतु पहिला ओसरल्यावर मन कोरडे व उदास होई, तर दुसरा ओसरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. आपल्या अंतरंगाकडे अशा रीतीने पाहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांनी जवळजवळ तीनशे पानांची एक वही लिहून काढली. तिच्यात प्रभूचे शब्द तांबड्या शाईने व पवित्र मरियेचे शब्द निळ्या शाईने लिहिले. त्यांच्या मनाची दिशा बदलली होती.

दिशा बदलली तरी जुन्या सवयी बदलल्या नव्हत्या. १५२२ साली ते घर सोडून निघाले तेव्हा वाटेत एका मुस्लिम प्रवाशाशी पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी त्यांचा वाद झाला. तो प्रवासी पुढे निघून गेल्यावर, मरियेचा मान राखण्यासाठी त्याला गाठून खंजीर खुपसावा काय, असा प्रश्न या नव्या यात्रेकरूला पडला. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचराने गावाची वाट न धरता हमरस्ता धरला आणि एक अनर्थ टळला. पुढे मोंसेर्रात येथील मठात त्यांनी तीन दिवस पापनिवेदन केले, २४ मार्चची रात्र मरियेच्या मूर्तीसमोर जागून काढली आणि आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी त्या भिकाऱ्यावर चोरीचा आळ आला. ते ऐकून इनिगोंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. हेतू पवित्र होता. त्याला विचाराची जोड नव्हती.

मॅन्रेसा येथे थोडे दिवस थांबण्याच्या विचाराने ते गेले आणि सुमारे अकरा महिने राहिले. संतांनी जे केले त्याहून अधिक करायचे, हा त्यांचा बाणा होता. जुन्या महत्त्वाकांक्षेनेच येथे भगवी छाटी पांघरली होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये. ते भीक मागत, दररोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करीत. केस व नखेही त्यांनी वाढू दिली. परंतु मनाला शांती लाभेना. आपण काही पापे सांगायची विसरलो, या शंकेने त्यांना इतके पछाडले की पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही समाधान होईना. खोलीतील एका विवरात उडी टाकून जीव द्यावा, असा मोह त्यांना वारंवार होऊ लागला. देवाने शांती द्यावी म्हणून त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले. अखेर त्यांच्या आध्यात्मिक गुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. या अंधारातून बाहेर आल्यावर त्यांनी केस व नखे कापली आणि अतिरेक सोडला. कार्दोनेर नदीकाठी लाभलेल्या आत्मप्रकाशाने त्यांना नवी दृष्टी मिळाली. आपले अनुभव त्यांनी टिपून ठेवले. तीच टिपणे पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाचे बीज ठरली.

या ग्रंथात आत्मपरीक्षणाची एक साधी रीत आहे. साधकाने आपला एकच दोष निवडावा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करावा. दिवसभरात तो दोष घडला तर छातीवर हात ठेवून पश्चात्ताप व्यक्त करावा. दुपारच्या भोजनानंतर सकाळपासूनच्या एकेका तासाचा आढावा घेऊन, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके कागदावरील त्या दिवसाच्या पहिल्या ओळीवर मांडावेत. रात्रीच्या भोजनानंतर तसेच दुसऱ्या ओळीवर. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी आणि या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना करावी. आठवड्याच्या ओळी पुढे पुढे लहान होत जातात, कारण चुका कमी होत जातील अशी आशा त्यामागे आहे. संपूर्ण जीवन पालटण्याचा संकल्प करणाऱ्या साधकासमोर इग्नेशियस यांनी जे ध्येय ठेवले त्याची मुदत केवळ अर्ध्या दिवसाची होती!

स्वतः इग्नेशियस यांना हा धडा सहजासहजी मिळाला नाही. १५२३ साली ते यरुशलेमला पोहोचले. आयुष्यभर तेथेच राहून आत्म्यांची सेवा करावी, असा त्यांचा निर्धार होता. परंतु तेथील फ्रान्सिस्कन प्रमुखांनी यात्रेकरूंच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव त्यांना परतण्याची आज्ञा केली आणि न ऐकल्यास ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा पोप महोदयांनी दिलेला अधिकारही सांगितला. सुमारे तीन आठवड्यांत त्यांचे जन्माचे स्वप्न संपुष्टात आले. मायदेशी परतल्यावर, इतरांना साहाय्य करायचे तर आधी शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हा माजी सैनिक बार्सेलोना येथे लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिन व्याकरण घोकू लागला.

तेथेही एक विघ्न आले. पाठांतराला बसले की त्यांच्या मनात उदात्त आध्यात्मिक विचार दाटून येत आणि अभ्यास मागे पडे. हे विचार प्रार्थनेच्या किंवा मिस्साच्या वेळी इतक्या वेगाने येत नाहीत, हे त्यांनी हेरले. अर्थात ते कितीही पवित्र वाटले तरी तो मोहच होता. ते आपल्या शिक्षकांना घेऊन सांता मारिया देल मार या चर्चजवळ गेले आणि जगण्यापुरती भाकरी व पाणी मिळेल तोवर पुढील दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही, असे वचन त्यांनी दिले. वचनाला मुदत होती आणि विषय एकच होता. त्यानंतर ते विचार पुन्हा आड आले नाहीत.

१५२६ साली ते आल्काला येथे गेले आणि जुनी घाई पुन्हा उफाळून आली. तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान व ईशज्ञान हे तिन्ही विषय त्यांनी एकाच वेळी हाती घेतले. धर्मशिक्षण देणे आणि भिक्षा मागून गरिबांना वाटणे हेही चालूच होते. परिणामी कोणत्याच विषयाचा पाया पक्का झाला नाही. अशिक्षित माणूस लोकांना अध्यात्म शिकवतो, या संशयावरून त्यांना आल्काला येथे ४२ दिवस व पुढे सालामांका येथे २२ दिवस कैदेत राहावे लागले. शिकवणुकीत चूक सापडली नाही. परंतु अभ्यास पूर्ण होईपर्यंत काही विषयांवर न बोलण्याचे बंधन त्यांच्यावर घालण्यात आले.

फेब्रुवारी १५२८ मध्ये ते पायी पॅरिसला पोहोचले. आपले ज्ञान कच्चे आहे हे मान्य करून त्यांनी पुन्हा मुलांच्या वर्गात बसून लॅटिनचे पहिले पाठ गिरवले. त्यानंतर तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान, असा क्रम त्यांनी काटेकोरपणे पाळला. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाऊल ठेवायचे नाही, हे त्यांनी जाणून घेतले होते. पॅरिसमधील सात वर्षांच्या अखेरीस मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी घेऊन ते बाहेर पडले.

सेंट बार्ब महाविद्यालयात पिएर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर हे दोन तरुण त्यांच्यासोबत एकाच खोलीत राहत. फाव्र शंकाकुशंकांनी ग्रासलेले होते. मॅन्रेसाचा वणवा सोसलेल्या इग्नेशियस यांनी त्यांच्यावर कोणतीही कठोर तपश्चर्या लादली नाही. दररोजचे आत्मपरीक्षण, दर आठवड्याला पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीराचा स्वीकार, एका वेळी एका दोषाशी झुंज, असा नेम त्यांनी घालून दिला. संपूर्ण आध्यात्मिक साधना फाव्र यांना मिळाली ती १५३४ साली, सुमारे चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. १५ ऑगस्ट १५३४ रोजी या मित्रांनी माँमार्त्र टेकडीवर व्रत घेतले. यरुशलेमला जायचे, परंतु ठरलेल्या एका वर्षात जहाज मिळाले नाही तर पोप महोदय पाठवतील तेथे जायचे! अकरा वर्षांपूर्वीच्या हट्टी संकल्पात आणि या व्रतात केवढे अंतर होते! १५३७ साली तुर्कांशी युद्धाचे ढग जमले आणि जहाज सुटलेच नाही. कोणीही खचले नाही. सर्वजण रोमकडे वळले.

२७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. त्याच वर्षी एका आजारी सोबत्याच्या जागी फ्रान्सिस झेवियर यांची हिंदुस्थानसाठी निवड झाली आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचले. स्वतः इग्नेशियस मात्र रोममध्येच राहिले. रणांगणावर नाव गाजवण्याची आणि पवित्र भूमीत मरण्याची स्वप्ने पाहणारा हा माणूस शेवटची पंधरा वर्षे मेजाशी बसून पत्रे लिहीत होता. त्यांची सुमारे सात हजार पत्रे उपलब्ध आहेत. वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी संत मार्था यांच्या नावे आश्रयस्थान उभारले. त्यातील अनेक जणी पुन्हा जुन्या वाटेला जातील, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे टीकाकार विचारीत. त्यांच्यापैकी एकीने जरी एक रात्र देवाला न दुखवता घालवली तरी आपले श्रम सार्थकी लागले, अशा आशयाचे उत्तर ते देत. एका रात्रीचे मोल त्यांना ठाऊक होते.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे त्यांनी रोममध्ये देह ठेवला. त्या वेळी येशूसंघाचे सुमारे एक हजार सदस्य होते. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस झेवियर यांच्यासमवेत त्यांना संतपद बहाल करण्यात आले. १९२२ साली ख्रिस्तसभेने त्यांना आध्यात्मिक साधनेचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

प्रिय बंधुभगिनींनो, उपवासकाळाच्या आरंभी किंवा तपःसाधनेहून परतताना आपणही मोठमोठे संकल्प करतो आणि काही दिवसांतच ते मोडल्याने निराश होतो. अशा वेळी संत इग्नेशियस यांचा तो ठिपक्यांचा कागद आठवावा. राग, कठोर शब्द, आळस किंवा मोबाईलवर वाया जाणारा वेळ, यांपैकी एकच दोष निवडावा आणि आज दुपारपर्यंत तो टाळण्याची कृपा प्रभूकडे मागावी. दुपारी ठिपके मोजावेत. ते कितीही असले तरी प्रभूची क्षमा मागून रात्रीपर्यंतचा प्रवास पुन्हा सुरू करावा. संत इग्नेशियस, आम्हांसाठी विनंती करा.