नळदुर्गचा मुशाफिर साहेब

पावसाळा लागला की नळदुर्गच्या किल्ल्याखाली मोटारसायकलींची रांग लागते. कोणी हैदराबादहून आलेले असते, कोणी पुण्याहून, कोणी जवळच्या सोलापुरातून. बोरी नदीला पाणी आले की पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात. ते डोळे भरून पाहायचे, उपळी बुरुजावर चढून तोफांवर हात फिरवायचा आणि मग बालाघाटाच्या कडेने तुळजापूरची वाट धरायची, असा या तरुण मंडळींचा बेत असतो. हाच मुलूख कधी घोड्यावरून, कधी पालखीतून पिंजून काढणारा एक साहेब 1853 ते 1857 या काळात नळदुर्गला होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे तो जगाला माहीत झाला.

टेलरचा जन्म 1808 सालचा, लिव्हरपूलचा. घरची स्थिती बेताची. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला, तर त्या व्यापाऱ्याचाच धंदा बुडण्याच्या बेतात होता. नशीब काढायला आलेला पोरगा परदेशात उघड्यावर पडायचा. पण एका वजनदार आप्ताच्या खटपटीने त्याला 1824 मध्ये निजामाच्या फौजेत जागा मिळाली. कंपनी सरकारच्या मानाच्या नोकरीत तो नव्हता. हा उणेपणा त्याला पुढे जन्मभर नडला. मोठमोठी कामे वाट्याला आली, तरी पगार आणि प्रतिष्ठा यांत कंपनीचे अधिकारी नेहमीच त्याच्या पुढे राहिले.

कमी तिथे त्याने कष्टाने भर घातली. हिंदुस्थानी आणि मराठी तो शिकला. जमिनीची मोजणी, कायदा, बांधकाम हे सगळे त्याने स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केले. विशीच्या आतच त्याच्याकडे निजामाच्या नैर्ऋत्य मुलखातले पोलिसांचे काम आले आणि भटकंती सुरू झाली. एका मुक्कामी दुकानदार पिठात वाळू मिसळून विकतात, अशी तक्रार आली. टेलरने ते पीठ तोंडात टाकून पाहिले आणि मग तेच पीठ दुकानदारांना लोकांसमोर खायला लावले. आजच्या कायद्यात असला न्याय बसणार नाही. पण गाऱ्हाणे ऐकून स्वतः चव घेणारा अंमलदार लोकांनी तोवर कुठे पाहिला होता! त्याच्या मेडोज या नावाचे लोकांच्या तोंडी ‘महादेव’ झाले. महादेवबाबा म्हणून तो ओळखला जाऊ लागला.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला आणि टेलर तिथे अंमलदार म्हणून आला. वय पंचेचाळीस; पत्नी वारलेली, मुली इंग्लंडात. बोरीच्या खोल दरीत घुसलेल्या काळ्या कातळावरच्या या किल्ल्याने त्याला वेड लावले. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात नदीवर घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल यांचे त्याला मोठे कौतुक. पण तो किल्ल्यात बसून राहिला नाही. रस्ते, तलाव, शेतजमिनीची मोजणी ही कामे घेऊन गावोगाव हिंडला. बँकेत असताना शेतीकर्जाच्या कामासाठी मीही मोटारसायकलवरून पुष्कळ खेडी फिरलो आहे. फायलीतले शेत आणि बांधावर उभे राहून पाहिलेले शेत यांत किती अंतर असते, ते त्या धुळीतच कळते.

1857 चा ऑगस्ट उजाडला. उत्तरेत वणवा पेटलेला. अशा वेळी टेलरला वऱ्हाडात, बुलढाण्याला तातडीने जाण्याचा हुकूम आला. आजच्या रस्त्याने हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. तेव्हा तर भर पावसाळा, फुगलेल्या नद्या आणि चिखलाच्या वाटा. तो गेला आणि हाताशी फौज नसताना त्याने जिल्हा शांत ठेवला. एवढेच नव्हे, उत्तरेकडे निघालेल्या इंग्रजी फौजेच्या तोफांसाठी त्याने बैलही जमवून दिले. लोकांचा विश्वास त्याने जोडला होता, हे खरे. तो विश्वास शेवटी कोणाच्या कामी आला, हेही तितकेच खरे.

या प्रश्नाचा कठोर जबाब त्याला 1858 मध्ये मिळाला. नळदुर्गला येण्याआधी दहा-बारा वर्षे तो आजच्या कर्नाटकातल्या सुरपूर संस्थानाचा कारभार पाहत होता. तिथला बालराजा व्यंकटप्पा नायक त्याला ‘अप्पा’ म्हणे. मोठा झालेला हा राजा इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. त्याला चिथावणी कोणी दिली, हे काढून घेण्यासाठी रेसिडेंटाने टेलरलाच तुरुंगात धाडले. राजा त्याला बिलगला, पण नाव एकाचेही सांगितले नाही. जिवासाठी याचनाही केली नाही. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. मात्र तिकडे नेत असताना पिस्तुलाची गोळी लागून राजाचा वाटेतच अंत झाला. वाढवलेले पोर एका बाजूला आणि खाल्लेले मीठ दुसऱ्या बाजूला. टेलर मिठाला जागला, पण आपल्या आत्मचरित्रात या पोराला तो विसरू शकला नाही.

1860 मध्ये तो मायदेशी परतला. त्याच साली नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेले. मुलूख सुटला, तरी मनातून गेला नाही. 1863 मध्ये आलेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची लेक आहे आणि कथेच्या पार्श्वभूमीला अफझलखानाची स्वारी आहे. चांदबीबीवरची ‘अ नोबल क्वीन’ त्याच्या मृत्यूनंतर आली. तिच्यातही नळदुर्गचा किल्ला आहे.

1875 मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादला आला. दृष्टी जवळजवळ गेलेली होती. तापाने गाठले आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मेंतों गावी 13 मे 1876 रोजी त्याने डोळे मिटले.

त्याची बाजू चुकीची होती, असे आपण आज म्हणू शकतो, आणि म्हणावेही. पण परक्या मुलखातल्या माणसांना ओळखायचे तर त्यांच्या वाटा तुडवाव्या लागतात, हे त्याने जाणले होते. पाणीमहाल पाहून मोटारसायकलला किक मारणाऱ्यांनी पुढच्या एखाद्या खेड्यात घटकाभर थांबावे, चहा घ्यावा, पाऊसपाण्याची चौकशी करावी. मुलूख नुसत्या दरीत आणि धबधब्यात नसतो.