कार्ल क्योनिग

कार्ल क्योनिग (जन्म: २५ सप्टेंबर १९०२, व्हिएन्ना, मृत्यू: २७ मार्च १९६६, युबरलिंगेन, जर्मनी) हे ऑस्ट्रियन डॉक्टर, लेखक आणि कॅम्पहिल चळवळीचे संस्थापक होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी त्यांनी आणि त्यांच्या निर्वासित सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये सुरू केलेल्या कामातून पुढे अशा प्रौढांसाठीची छोटी घरे आणि त्या घरांची गावे उभी राहिली. या घरांत सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे एकाच छपराखाली राहत व एकाच टेबलावर जेवत. काम करणाऱ्यांना पगार नसे. आज ही चळवळ वीसहून अधिक देशांत पसरलेली असून तिच्या शंभराहून अधिक वस्त्या आहेत.

बालपण आणि शिक्षण

क्योनिग यांचा जन्म व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांचा पादत्राणांचा व्यवसाय होता आणि कार्ल हे त्यांचे एकुलते एक अपत्य. त्यांच्या पायांत जन्मजात व्यंग होते. त्यांची शरीरयष्टी लहान आणि डोके मोठे होते. शारीरिक वेगळेपणाची जाणीव त्यांना लहानपणापासून होती आणि पुढील आयुष्यात त्यांनी ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्याशी असलेल्या त्यांच्या नात्यात या जाणिवेचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. कुटुंब धार्मिक असले तरी तरुणपणीच त्यांचा ओढा ख्रिस्ती विचारांकडे वळला.

व्हिएन्ना विद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. विद्यार्थी असताना भ्रूणशास्त्र हा त्यांचा आवडता विषय होता. गर्भाच्या वाढीचा अभ्यास करताना ते ग्योटे यांच्या निसर्गविषयक लेखनाकडे आणि तेथून रुडॉल्फ स्टाइनर यांच्या अँथ्रोपॉसॉफी या आध्यात्मिक विचारप्रणालीकडे आले. स्टाइनर १९२५ मध्येच निवर्तले होते. मात्र त्यांच्या निकटच्या सहकारी डॉ. इटा वेगमान यांनी क्योनिग यांना स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथील आपल्या रुग्णालयात बोलावून घेतले.

आर्लेसहाइम आणि पिलग्राम्सहाइन

स्टाइनर यांनी १९२४ मध्ये उपचारात्मक शिक्षणावर बारा व्याख्याने दिली होती. त्या विचारांवर चालणारे झोनेनहोफ हे विशेष मुलांचे निवासगृह आर्लेसहाइम येथे होते. १९२७ च्या नाताळपूर्व दिवसांत क्योनिग यांनी तेथील एक साधा सोहळा पाहिला. अंधाऱ्या खोलीत मधोमध एक मोठी मेणबत्ती तेवत होती. प्रत्येक मूल आपापल्या चालीने, कोणी अडखळत तर कोणी हात धरून, तिच्यापर्यंत जाई आणि तिच्यावर आपली छोटी मेणबत्ती पेटवून परत येई. आयुष्याचे काम आपल्याला त्या संध्याकाळी सापडले, असे क्योनिग पुढे मानत असत.

आर्लेसहाइम येथेच त्यांची भेट परिचारिका मथिल्डे (टिला) मासबर्ग यांच्याशी झाली. टिला सायलेशियातील होत्या आणि मोरावियन बंधुसंघाच्या परंपरेत वाढल्या होत्या. श्रम, प्रार्थना आणि मिळकत सामाईक ठेवून राहणाऱ्या या पंथाचा परिचय क्योनिग यांना पत्नीमुळे झाला. कॅम्पहिलच्या घडणीत स्टाइनर यांच्या खालोखाल या परंपरेचा वाटा आहे. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली.

विवाहाच्या सुमारास क्योनिग सायलेशियातील पिलग्राम्सहाइन येथे रुजू झाले होते. एका जमीनदार कुटुंबाच्या वाड्यात तेथे विशेष मुलांची संस्था चालत असे. आसपासच्या गावांतूनही त्यांच्याकडे मोठ्या संख्येने रुग्ण येत. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवट आली आणि त्याच वर्षी आनुवंशिक समजल्या जाणाऱ्या आजारांच्या व्यक्तींचे सक्तीने निर्बीजीकरण करणारा कायदा झाला. ज्यू असलेल्या क्योनिग यांना तेथे काम करणे अशक्य होत गेले. १९३६ मध्ये ते व्हिएन्नाला परतले.

व्हिएन्नातील तरुण गट आणि स्थलांतर

व्हिएन्नात त्यांचा दवाखाना जोरात चालला. त्यांच्याभोवती तरुणांचा एक अभ्यासगटही जमला. त्यांत पीटर रोट, थॉमस वाइस, कार्लो पिट्झनर यांच्यासारखे वैद्यकाचे विद्यार्थी आणि कलावंत होते. त्यांतील अनेक जण ज्यू कुटुंबांतील होते. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि हा गट विखुरला. निघण्यापूर्वी त्यांनी पुन्हा कोठेतरी एकत्र येऊन मिळून काम करण्याचे ठरवले होते. देश ठरलेला नव्हता. एकापाठोपाठ एक देशांत प्रयत्न झाल्यावर अखेर ब्रिटनचा परवाना मिळाला आणि डिसेंबर १९३८ मध्ये क्योनिग तेथे पोहोचले.

कर्कटन हाऊस

वेगमान यांच्या ओळखीतून स्कॉटलंडमधील हॉटन दांपत्याने ॲबर्डीनशायरमधील इन्श गावाजवळचे कर्कटन हाऊस हे जुने दगडी घर या निर्वासितांना देऊ केले. पूर्वी तेथे स्थानिक चर्चचे धर्मोपदेशक राहत असत. मार्च १९३९ च्या अखेरीस मंडळी तेथे राहायला आली आणि त्याच वसंत ऋतूत पहिली मुले दाखल झाली. स्वयंपाक, धुणी, सरपण आणि बागकाम ही कामे शहरात वाढलेल्या या डॉक्टर-कलावंतांना तेथेच शिकावी लागली. नोकर ठेवण्यास पैसा नसल्यामुळे जो घरात राहील त्याने घराचे काम करावे असे ठरले. पुढे तत्त्व म्हणून मांडल्या गेलेल्या कॅम्पहिलच्या अनेक प्रथा मुळात या नाइलाजातून आल्या, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

याच काळात जर्मनीत मानसिक रुग्ण व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना ठार मारण्याची सरकारी योजना सुरू झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांतील विषारी वायूच्या कोठड्यांत सुमारे ७०,००० जणांचा बळी गेला. जेथून हे डॉक्टर आले होते त्या देशात त्यांच्या रुग्णांना जगण्याचाच हक्क उरला नव्हता. आपण हाकलले गेलेलो आहोत आणि ही मुलेही समाजाबाहेर टाकली गेलेली आहेत, हे साम्य क्योनिग यांच्या लेखनात व भाषणांत वारंवार येते. कॅम्पहिलमध्ये मदत करणारा आणि मदत घेणारा यांतील अंतर कमी राहिले याचे एक कारण हे साम्य होते.

नजरकैद आणि कॅम्पहिल

कर्कटन अपुरे पडू लागले तेव्हा ॲबर्डीनच्या पश्चिमेस डी नदीकाठची कॅम्पहिल ही वास्तू घेण्याचे ठरले. प्रकाशन व्यवसायातील डब्ल्यू. एफ. मॅकमिलन यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य केले. परंतु मे १९४० मध्ये, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, पोलीस आले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून गटातील पुरुषांना घेऊन गेले. नाझींपासून पळून आलेले हे लोक कागदोपत्री जर्मन ठरले होते. क्योनिग यांनाही अटक झाली आणि त्यांची रवानगी आइल ऑफ मॅनवरील छावणीत झाली.

मागे राहिलेल्या स्त्रियांनी स्थलांतराचा बेत सोडला नाही. टिला क्योनिग आणि त्यांच्या सहकारी महिलांनी मुलांसह १ जून १९४० रोजी नव्या घरात प्रवेश केला. हाच दिवस कॅम्पहिलचा स्थापनादिन मानला जातो. चळवळीच्या इतिहासात क्योनिग यांचे नाव संस्थापक म्हणून एकट्याने येते, पण स्थापनेच्या दिवशी ते तेथे नव्हते. शरद ऋतूत त्यांची सुटका झाली.

पुढील काही वर्षांत मर्टल, हीथकॉट, न्यूटन डी अशा शेजारच्या वास्तू मिळत गेल्या आणि निवासी शाळा वाढली. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली मुले त्या वेळी ब्रिटनमध्ये शिक्षणास अपात्र समजली जात. स्कॉटलंडमध्ये त्यांना शिक्षणव्यवस्थेत आणणारा कायदा १९७४ मध्ये झाला. कॅम्पहिलमध्ये मात्र अशा मुलांना १९४० च्या दशकातच त्यांच्या वयाच्या वर्गात बसवून इतिहास, निसर्ग, चित्रकला आणि संगीत शिकवले जाई. मूल किती शिकेल यावर त्याचा वर्ग ठरत नसे.

मुलांचे प्रौढ होणे

शाळेतील पहिली मुले वयात आली तेव्हा त्यांच्या पालकांपुढे तोच प्रश्न उभा राहिला जो जगभरातील अशा पालकांना झोप लागू देत नाही: शाळा संपल्यावर मुलाने कोठे जायचे आणि आपल्या पश्चात त्याला कोण सांभाळणार? घरी परतणे किंवा शेकडो खाटांच्या सरकारी इस्पितळात भरती होणे एवढेच पर्याय तेव्हा होते. १९१३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या व्यवस्थेत हजारो प्रौढ व्यक्ती, आजारी नसतानाही, इस्पितळांच्या लांबलचक दालनांत आयुष्य काढत होत्या. स्वतःचे कपाट, स्वतःचे कपडे किंवा ठरलेले काम अनेकांजवळ नसे.

क्योनिग यांनी आणखी एक शाळा किंवा वसतिगृह न काढता गाव वसवावे असे सुचवले. पालकांच्या सहभागातून १९५४ मध्ये कॅम्पहिल व्हिलेज ट्रस्ट स्थापन झाला. यॉर्कशायरच्या उत्तरेकडील माळरानातील डॅन्बी खोऱ्यात मॅकमिलन कुटुंबाची बॉटन हॉल ही मालमत्ता होती. ती ट्रस्टला मिळाली आणि १९५५ मध्ये तेथे पहिले गाव सुरू झाले. पीटर रोट यांनी त्याचे नेतृत्व केले.

बॉटनची रचना समजून घेतल्यास क्योनिग यांचा विचार स्पष्ट होतो. गावात मोठी इमारत नव्हती. घरे विखुरलेली होती आणि प्रत्येक घरात एक कुटुंब आपल्या मुलाबाळांसह राही. त्यांच्यासोबत काही अक्षम प्रौढ व एक-दोन तरुण स्वयंसेवक असत. सकाळी सगळे घराबाहेर पडत आणि शेत, गोठा, विणकाम, सुतारकाम, मेणबत्त्यांचा किंवा बेकरीचा कारखाना अशा आपापल्या कामावर जात. राहण्याची जागा आणि कामाची जागा वेगळी ठेवण्याचा आग्रह होता, कारण सकाळी कामाला जाणे आणि दमून घरी येणे हा प्रौढपणाचा भाग मानला जाई. बनवलेला माल खरोखर विकला जाई. वेळ घालवण्यापुरते काम क्योनिग यांना मान्य नव्हते. रहिवाशांना रुग्ण न म्हणता गावकरी म्हटले जाई.

पैशाची व्यवस्थाही वेगळी होती. काम आणि मोबदला यांचा संबंध तोडावा, हे स्टाइनर यांचे सूत्र क्योनिग यांनी शब्दशः अमलात आणले. कोणालाही वेतन नसे आणि प्रत्येक जण गरजेनुसार सामाईक निधीतून घेई. त्यामुळे डॉक्टर आणि गोठा साफ करणारा गावकरी यांच्या खिशात फारसा फरक नसे. आपल्या सामाजिक विचाराचे पूर्वसुरी म्हणून क्योनिग त्सिंत्सेनडॉर्फ, कोमेनियस आणि रॉबर्ट ओवेन या तिघांची नावे घेत असत.

१९६० मध्ये ॲबर्डीनजवळील न्यूटन डी हेदेखील प्रौढांचे गाव झाले आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात कोपेक येथे गाव वसले. उत्तर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका व जर्मनीतही केंद्रे निघाली.

स्वभाव आणि लेखन

क्योनिग अफाट काम करत. रात्री उशिरापर्यंत लेखन, दिवसा मुलांची तपासणी, सभा आणि प्रवास असा त्यांचा क्रम असे. ते नियमित रोजनिशी लिहीत. सहकाऱ्यांच्या आठवणींत त्यांचे प्रेमळपण जसे येते तसाच त्यांचा संताप, हुकमी वागणे आणि मधूनमधून येणारी खिन्नताही येते. समतेवर उभ्या असलेल्या समाजाचा संस्थापक स्वतः वर्चस्व गाजवणारा असावा, ही विसंगती त्यांना स्वतःलाही जाणवत असे. १९५० च्या दशकात प्रकृती खालावल्यावर त्यांनी ॲबर्डीनमधील जबाबदारी थॉमस वाइस यांच्याकडे सोपवली.

बालकाच्या पहिल्या तीन वर्षांत चालणे, बोलणे आणि विचार करणे यांचा विकास कसा होतो, यावरील त्यांचे पुस्तक अनेक भाषांत गेले. कुटुंबातील भावंडांच्या क्रमावरही त्यांनी लिहिले. डाउन सिंड्रोमवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पॅरिसमधील संशोधकांनी या स्थितीमागे एक जादा गुणसूत्र असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ग्रंथातील कारणमीमांसा लवकरच मागे पडली. त्याच्या शीर्षकातील वंशवाचक संज्ञाही आता वापरातून गेली आहे. त्यातील मुलांच्या स्वभावाची आणि वाढीची निरीक्षणे मात्र दीर्घ सहवासातून आलेली आहेत.

अखेरची वर्षे

१९६४ मध्ये क्योनिग जर्मनीत परतले आणि कॉन्स्टन्स सरोवराजवळील ब्राखेनरॉयटे येथे राहू लागले. ज्या देशाने आपल्याला हाकलले तेथेच अक्षम व्यक्तींसाठी घरे उभारण्याचे काम त्यांनी शेवटच्या दोन वर्षांत केले. २७ मार्च १९६६ रोजी युबरलिंगेन येथे त्यांचे निधन झाले. टिला क्योनिग १९८३ पर्यंत हयात होत्या.

मूल्यमापन

अँथ्रोपॉसॉफीच्या वैद्यकीय व आध्यात्मिक दाव्यांना आधुनिक विज्ञानाची मान्यता नाही आणि कॅम्पहिलवरील टीकेचा मोठा भाग त्यासंबंधीचा आहे. आडबाजूच्या गावात राहिल्याने प्रौढ व्यक्ती मुख्य समाजापासून तुटतात, असाही आक्षेप घेतला जातो. अपंग हक्क चळवळीने नेहमीच्या वस्तीत, निवडीच्या सोबत्यांसह राहण्याचा आग्रह धरल्यावर हा आक्षेप अधिक तीव्र झाला. बिनपगारी सहजीवनाचा कामगार कायदे आणि काळजीसेवांच्या नियमांशी मेळ घालणेही कठीण गेले. एकविसाव्या शतकात ब्रिटनमधील काही वस्त्यांत पगारी, पाळीने येणारे कर्मचारी नेमले गेले तेव्हा त्यावरून तीव्र वाद झाले. कर्मचारी पाळी संपवून निघून जातो आणि घरातला माणूस जात नाही, हा जुन्या पद्धतीच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा होता. गावकऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी व हक्कांसाठी बाहेरची देखरेख हवी, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतात बंगळूरू येथे कॅम्पहिलशी संबंधित काम चालते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या साधना व्हिलेज या संस्थेने कॅम्पहिलपासून प्रेरणा घेतली. बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ तेथे मोठ्या वसतिगृहाऐवजी छोट्या घरांत, सोबतच्या कार्यकर्त्यांसह राहतात.